छातीवर कॅमेरा, समोर सासूबाई

कॅमेरे आले त्या दिवशी सकाळच्या हजेरीला झाडून सगळे जण गुळगुळीत दाढी करून आले होते. आम्ही दोघी बायका दाढी करणार कशी, म्हणून आम्ही शर्टाला दुसऱ्यांदा इस्त्री फिरवली होती. आदल्या दिवशी साहेबांनी एवढंच सांगितलं होतं की, उद्यापासून चौकात उभं राहणाऱ्या प्रत्येकाने छातीवर कॅमेरा लावायचा. तेवढ्यावर चौकीत लग्नघरासारखी गडबड उडाली होती.

मी पुण्यात वाहतूक पोलीस आहे. पांढरा शर्ट, खाकी पँट, गळ्यात शिट्टी आणि पेठेतला एक चौक. तिथे गाड्या चार बाजूंनी येतात आणि सल्ले आठ बाजूंनी. माझं माहेर वाघोलीच्या पलीकडे. वडिलांना कॅमेऱ्याचं सांगितलं तर ते म्हणाले, "म्हंजी टीव्हीवर कधी दिसनार तू?" मी म्हटलं, टीव्हीवर नाही हो, पुरावा म्हणून असतो तो. "मग टीव्हीवाल्यांकडं द्या की पुरावा," असं म्हणून त्यांनी फोन माझ्या आईकडे दिला.

कॅमेरा म्हणजे काडेपेटीहून थोडी मोठी काळी डबी. मागे चिमटा, पुढे डोळा आणि चालू केला की वरच्या कोपऱ्यात लुकलुकणारा लाल दिवा. साहेबांनी सगळं समजावून सांगितलं. नागरिकाशी बोलायच्या आधी बटण दाबायचं. 'आपलं बोलणं रेकॉर्ड होत आहे' असं सांगायचं आणि मगच पुढचं बोलायचं. ड्यूटी संपली की कॅमेरा चौकीत जमा करायचा.

"आणि एक," साहेब म्हणाले, "आपण चौकात एरवी जे बोलतो ते बोलायचं नाही."

"मग काय बोलायचं, साहेब?" मागून एका हवालदारांनी विचारलं.

"मराठी," साहेब म्हणाले.

हे विचारणारे हवालदार माझ्याच पॉइंटवर असतात. नोकरीची शेवटची वर्षं चालू आहेत, सगळा चौक त्यांना मामा म्हणतो आणि मी दादा. दादांच्या पोटाला चांगला चढ आहे. त्या चढावर कॅमेरा बसवला की तो वर आभाळाकडे बघायचा. त्यांच्या पहिल्या दिवसाच्या चित्रीकरणात निळं आकाश, विजेच्या तारा आणि एक घार एवढंच होतं. मागे दादांचा आवाज येतो, "लायसन दाखवा," आणि घार शांतपणे घिरट्या घालते. साहेबांनी ते बघून कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवसापासून दादा दिवा लागला की पोट आत घ्यायचे आणि दिवा विझला की सोडून द्यायचे. हळूहळू चौकातल्या लोकांना दादांच्या पोटावरूनच कळायला लागलं, कॅमेरा चालू आहे की बंद.

त्या दिवसांत मला चौकात जायला पंख फुटल्यासारखं व्हायचं. खरं सांगते, त्याआधी ड्यूटीवरून घरी येताना कान भरून आलेले असायचे. कोण कुणाला ओळखतो, कुणाचा मेहुणा कुठे आहे, माझी बदली कुठे होणार आहे, हे मी रोज ऐकत होते. आता लाल दिवा लागला की समोरचा आवाज एकदम खालच्या पट्टीत यायचा. परवापर्यंत 'मी कोण आहे माहितीये का' म्हणणारे एक गृहस्थ दिवा बघून म्हणाले, "मी कोण आहे हे मी सांगणार नाही." मी म्हटलं, "नका सांगू, लायसनवर असेलच." एक कॉलेजची मुलगी सिग्नल तोडून आली आणि म्हणाली, "मॅम, प्लीज, तुम्ही या साइडला उभ्या राहा ना. माझा लेफ्ट प्रोफाइल अजिबात चांगला नाही येत." एक आजोबा तर गाडी बाजूला लावून स्वतःहून माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि आपल्या गल्लीतल्या खड्ड्यांवर बोलायला लागले. त्यांनी काही मोडलंही नव्हतं. "हे वरपर्यंत जातं ना?" एवढंच त्यांनी शेवटी विचारलं, आणि समाधानाने निघून गेले.

बदल माझ्यातही झाला होता. रागावले की माझ्या तोंडून गावाकडचं 'हाय' आणि 'न्हाय' सुटायचं. दिवा लागला की मी बातम्या दिल्यासारखी बोलायला लागले. कोपऱ्यावर किल्ल्या बनवणाऱ्या चाचांचं छोटं दुकान आहे, त्यांच्या आजोबांपासूनचं. ते मला म्हणाले, "बेटा, तू हल्ली चलान करतेस की पारितोषिक देतेस, समजतच नाही."

घरी मात्र या सगळ्याचं कौतुक करायची सोय नव्हती. घरात आम्ही तिघं: मी, नवरा आणि सासूबाई. नवरा हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये. सकाळी कंपनीच्या बसमध्ये बसला की संध्याकाळीच उगवतो. त्याने मला आधी पसंत केलं आणि मग आईंना सांगितलं, या क्रमाबद्दल आईंची अजून तक्रार आहे. आई पोस्टातून निवृत्त झाल्या. अर्धं आयुष्य त्यांनी खिडकीच्या आतल्या बाजूला काढलं. त्यामुळे कुणाला किती शब्दांत वाटेला लावायचं याचा त्यांचा अंदाज कधी चुकत नाही. आमचं भांडण असं कधी झालंच नव्हतं. आम्ही एकमेकींशी फार व्यवस्थित वागायचो, दोन पाहुण्यांसारख्या. त्या मला 'अगं' म्हणायच्या, मी त्यांना 'अहो आई', आणि बहुतेक वेळा त्यापुढे स्वयंपाकाचंच काहीतरी असायचं.

कॅमेऱ्याचं सांगितल्यावर त्या पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "म्हणजे तुझ्यावर लक्ष ठेवायला सरकारने यंत्र दिलं. बरं झालं, माझं काम हलकं झालं."

नवरा ताटात बघून हसला. मीही हसले, पण हे थट्टेत होतं की कसं, ते मला त्यांच्याबाबतीत कधीच कळायचं नाही.

त्यानंतरची ही गोष्ट. उन्हाळा ऐन भरात होता. जेवणाच्या सुट्टीची वेळ जवळ आली होती, डांबर वितळायला आलं होतं आणि आमच्या चौकात आमच्या दोघांशिवाय कुणीच उभं राहायला तयार नव्हतं. दादा एकेरी रस्त्याच्या तोंडाशी होते. तो रस्ता चौकातून आत जातो, आतून बाहेर यायला बंदी आहे. तरी लोक येतातच. मी पलीकडच्या बाजूला एका रिक्षावाल्याशी बोलून मोकळी होत होते, तेवढ्यात दादांची शिट्टी आली. वळून पाहिलं तर त्यांचं पोट आत गेलेलं. म्हणजे कॅमेरा चालू.

"मॅडम, जरा या," त्यांनी हाक मारली, "महिला चालक आहेत."

बाई असली की मला बोलवायचं, असं आमचं ठरलेलं होतं. मी चालता चालता माझंही बटण दाबलं, शर्ट सारखा केला, आणि "नमस्कार, आपलं बोलणं रेकॉर्ड होत आहे," म्हणत दादांच्या पाठीमागून पुढे आले.

समोर आमच्या आई.

क्रीम रंगाची त्यांची जुनी स्कूटी. पायांच्या मध्ये भलामोठा फणस, मार्केट यार्डातून आणलेला. आणि फणसाच्या डोक्यावर हेल्मेट. पट्टासुद्धा नीट लावलेला. आईंच्या स्वतःच्या डोक्यावर फक्त ऊन होतं.

आईंनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या छातीवरच्या लाल दिव्याकडे पाहिलं. मग परत माझ्याकडे. मला वाटलं, आता म्हणणार, "अगं, तूच का!" आणि हे सगळं सरकारी यंत्रात कायमचं जाणार. आईंनी पदर खांद्यावर सारखा केला.

"नमस्कार," त्या म्हणाल्या. "बोला. काय काम होतं आपलं?"

आपलं! लग्न झाल्यापासून पहिल्यांदा त्यांनी मला 'आपण' केलं, आणि तेही नो एंट्रीतून येऊन. माझ्या पोटात कुठेतरी खोल हसू उकळायला लागलं. मी दात दाबून धरले.

"मॅडम, आपण एकेरी रस्त्यातून उलट्या आलात."

"मी सरळ आले. उलटी आले असते तर पडले असते."

"तिथे पाटी आहे, मॅडम."

"आहे ना. रोज बघते मी."

"मग?"

"मग काय? बघण्यासाठीच लावलीय ना?"

दादांचं पोट क्षणभर सुटलं आणि परत आत गेलं. आजूबाजूला दोन-तीन गाड्या थांबल्या होत्या. चाचा दुकानाच्या पायरीवर येऊन उभे राहिले होते.

"आपण हेल्मेटही घातलेलं नाही."

"आहे की. हे काय."

"ते फणसाला आहे."

"काटे साडीला लागतात. आपण कधी साडी नेसून फणस आणलाय का स्कूटीवरून? एकदा आणून बघा."

"मॅडम, हेल्मेट चालकाने घालायचं असतं. फणस गाडी चालवत नव्हता."

हे माझ्या तोंडून कसं निघालं, मला आजही सांगता येणार नाही. घरात मी त्यांना कधी उलट उत्तर दिलेलं नव्हतं, मीठ जास्त झालंय हेसुद्धा बोलले नव्हते. भोवतीचे लोक हसले. आईंनी चष्म्यावरून माझ्याकडे रोखून पाहिलं. आणि त्यांच्या डोळ्यांत मला काहीतरी चमकल्यासारखं दिसलं. राग नव्हता तो. तोडीचा गडी भेटला की कॅरम खेळणाऱ्यांच्या डोळ्यांत येतं ना, तसलं काहीतरी.

"मुद्दा बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पुढे."

मी लायसन मागितलं. त्यांनी पर्समधून काढून दिलं. ते दादांनी माझ्या हातातून घेतलं, लांब धरून वाचलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "अरे वा, मॅडम! तुमचं आणि यांचं आडनाव एकच की!"

"आडनावांची पुण्यात टंचाई आहे," आई म्हणाल्या.

"पत्ता हाच आहे का सध्या?" मी विचारलं. विचारावंच लागतं.

"हो. तोच."

"तोच म्हणजे?" दादांनी विचारलं.

"तोच म्हणजे जो आहे तो."

इथे चाचांना राहवलं नाही. आमच्या घराच्या किल्ल्या मी इतक्या वेळा हरवल्या आहेत की आमचं दार त्यांना आमच्याइतकंच ओळखीचं आहे. "अरे, या तर आपल्या..." ते पुढे सरसावले.

"चाचा," आई त्यांच्याकडे न बघताच म्हणाल्या, "दुकानात गिऱ्हाईक आलंय तुमच्या."

दुकानात चिटपाखरू नव्हतं. चाचा निमूटपणे आत गेले. आतून खोकल्यासारखा आवाज येत राहिला. तो खोकला नव्हता.

मी मशिन काढलं, गाडीचा फोटो घेतला आणि दोन्हींचं चलान केलं. कागद आईंच्या हातात दिला. त्यांनी तो पोस्टातल्या पावतीसारखा वरपासून खालपर्यंत वाचला, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवला. आता सगळं सुरळीत पार पडणार असं वाटत असतानाच माझा फोन वाजला. मी बंद केला. परत वाजला. नवऱ्याचा होता. तो ड्यूटीच्या वेळात सहसा फोन करत नाही, म्हणून काळजीने उचलला.

स्कूटी त्याच्या नावावर आहे, हे मी साफ विसरले होते. चलानाचा मेसेज हिंजवडीला पोचला होता.

"अगं," तो घाईघाईने बोलायला लागला, इतका मोठ्याने की चौकात ऐकू जावं, "आईच्या गाडीवर आत्ता चलान आलंय. तुमच्याच भागात कुठेतरी. बघ ना जरा, कोण आहे तिथे ड्यूटीला. बोल त्याच्याशी."

"मीच आहे."

"मग बोल ना!"

"बोलले. मीच केलंय."

मागे त्याच्या ऑफिसात कुणीतरी इंग्रजीत काहीतरी समजावून सांगत होतं.

"आई कुठे आहे?"

"समोर."

"कॅमेरा?"

"चालू."

फोन कट झाला.

"त्यांना सांगा," आई म्हणाल्या, "ड्यूटीवरच्या बाईंना फोन करू नये."

दादांनी माझ्याकडे पाहिलं, आईंकडे पाहिलं, परत माझ्या छातीवरच्या नावाच्या पट्टीकडे पाहिलं. मग त्यांचं पोट एकदम बाहेर आलं आणि बाहेरच राहिलं. "सासूबाई?" ते कुजबुजले. "आणि तुम्ही त्यांचं... दोन्ही कलमं?"

"आता कृपया गाडी वळवून पुढच्या चौकातून वळसा घालून जा, मॅडम," मी हसू दाबत म्हटलं.

आईंनी मान हलवली, उतरल्या आणि गाडी वळवायला लागल्या. मी मदतीला पुढे झाले तेवढ्यात फणस कलला. आधी हळूच, झोप लागलेल्या माणसासारखा. मग हेल्मेटसकट खाली आला, धप्पकन आपटला आणि उतारावरून गडगडत चौकाच्या मध्यावर निघाला. सिग्नल नेमका तेव्हाच सुटला.

दादांना मी इतक्या वेगाने पळताना कधी पाहिलं नव्हतं. ते चौकाच्या मधोमध उभे राहिले, दोन्ही हात पसरले, शिट्टी फुंकली आणि ओरडले, "थांबा! महोदय, थांबा! कृपया थांबा!" बस थांबली. रिक्षा थांबल्या. दुचाकी थांबल्या, आणि पांढऱ्या पट्ट्याच्या अलीकडे थांबल्या. आमच्या चौकात असं घडलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. चारी बाजू गप्प, आणि मध्ये दादांच्या पायाशी हेल्मेट घातलेला फणस गिरकी घेऊन कुशीवर पडलेला.

बसच्या चालकाने खिडकीतून डोकं काढलं. "मामा," त्याने काळजीच्या सुरात विचारलं, "जखमी आहे का?"

आधी आई हसल्या. मी तोपर्यंत त्यांचं ओठातल्या ओठातलं हसू पाहिलं होतं. हे वेगळंच होतं. त्या स्कूटीला धरून वाकल्या, चष्मा नाकावरून घसरला, आणि आवाजच फुटेना. मग मी सुटले. मी पोट धरून हसत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, लाल दिवा लुकलुकत होता आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. दादांनी हेल्मेट झटकून आणून दिलं. फणस मी दोन्ही हातांनी छातीशी धरून आणला. त्यापुढचा काही वेळ माझ्या कॅमेऱ्यात नुसते काटे आहेत. आईंनी हेल्मेट स्वतःच्या डोक्यावर चढवलं, फणसाला पर्सच्या पट्ट्याने हँडलला बांधलं आणि वळसा घालायच्या दिशेने निघून गेल्या. हसू न आवरल्यामुळे त्यांची गाडी थोडी नागमोडी जात होती, पण त्याचं कलम मी लावलं नाही.

संध्याकाळी घरी जाताना मात्र माझी पावलं जड झाली. जिन्यात फणसाचा वास आला. आत बघते तर हॉलमध्ये वर्तमानपत्रं पसरलेली, आईंच्या हातांना तेल, समोर फणस उभा चिरलेला, आणि नवरा कोपऱ्यात चोरासारखा बसून गरे सोडवत होता.

"हात धू आणि ये," आई म्हणाल्या. मी बसले. त्यांनी एक गरा माझ्या हातावर ठेवला.

"तू उभी असतेस तिथे सावली नाही," मग त्या म्हणाल्या.

"नाही. सकाळी थोडी असते."

"आणि असं माझ्यासारखं बोलणारे रोज किती जण येतात?"

"तुमच्यासारखं चांगलं कुणी बोलत नाही, आई."

नवऱ्याने घाबरून वर पाहिलं. आई हसल्या. "माझ्या खिडकीला जाळी तरी होती," त्या म्हणाल्या. "तुला तेवढीही नाही." आणि त्यांनी दुसरा गरा माझ्या हातावर ठेवला, आधीच्यापेक्षा मोठा.

हे एवढं गोड चाललेलं असतानाच त्यांचा मोबाइल वाजला. नातेवाइकांच्या ग्रुपवर कुणीतरी व्हिडिओ टाकला होता. चौकातल्या कुणीतरी काढलेला, मधूनच तोडलेला. त्यात एक वयस्कर बाई वाकलेल्या दिसत होत्या, रस्त्यावर काहीतरी गडगडत होतं आणि शेजारी मी पोट धरून हसत होते. वर लिहिलं होतं, 'ज्येष्ठ महिलेची भररस्त्यात चेष्टा. हीच का पोलिसांची माणुसकी?' आईंचा चेहरा पदराआड असल्याने ओळखू येत नव्हता. माझा अगदी स्वच्छ येत होता. खाली आईंच्या जाऊबाईंनी लिहिलं होतं, 'हल्लीच्या मुलींना लाजच नाही.'

मी हातातला गरा खाली ठेवला. असला व्हिडिओ एकदा सुटला की तो आवरता येत नाही, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. आईंनी हात पुसले, चष्मा लावला आणि व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला.

"तुझे साहेब सकाळी किती वाजता येतात?" त्यांनी विचारलं.

सकाळी मी चौकीत पोचले तेव्हा साहेबांपर्यंत व्हिडिओ आधीच पोचला होता. त्यांनी मला उभं करून विचारलं, "हे काय आहे? या बाई कोण? आधी त्यांना शोधून काढा, त्यांची माफी मागा."

"साहेब, त्या माझ्या सासूबाई आहेत."

साहेब माझ्याकडे बघत राहिले. त्यांना वाटलं, मी ताणाने काहीबाही बोलतेय. "बसा," ते मऊ आवाजात म्हणाले. "पाणी घ्या."

तेवढ्यात दारात आई आल्या. हेल्मेट डोक्यावर तसंच. "मीच ती चेष्टा झालेली ज्येष्ठ महिला," त्या म्हणाल्या. "पूर्ण चित्रीकरण आहे ना तुमच्याकडे? लावा."

साहेबांनी माझ्या कॅमेऱ्यातलं आदल्या दिवशीचं सगळं काढून संगणकावर लावलं. 'फणस गाडी चालवत नव्हता' या वाक्याला त्यांनी तोंडावर रुमाल धरला. 'आडनावांची टंचाई' येईपर्यंत बाहेरचे सगळे दारात गोळा झाले होते. नवऱ्याचा फोन आला तेव्हा एक शिपाई अक्षरशः भिंतीला टेकला. मग दादांचा कॅमेरा लावला. बसवाला 'जखमी आहे का' म्हणाला आणि साहेब खुर्चीवरून उठून खिडकीपाशी गेले, आमच्याकडे पाठ करून. त्यांचे खांदे हलत होते. त्या खोलीतला माझा सगळा घोर त्या काही मिनिटांत वितळून गेला. मी रडतेय की हसतेय ते माझं मलाच कळत नव्हतं.

"आपली काही तक्रार?" साहेबांनी डोळे पुसत आईंना विचारलं.

"आहे," आई म्हणाल्या. "या बाई फार वेळा 'कृपया' म्हणतात. पोस्टात आम्ही एकदाही म्हणायचो नाही, तरी कामं व्हायची."

त्यांचा लेखी जबाब घ्यायचं ठरलं. लिहिणाऱ्याने विचारलं, "यांच्याशी नातं?"

"सून," आई म्हणाल्या. मग थांबल्या. "नाही, असं नको लिहू. असं लिही की, चलान करणाऱ्या पोलीस माझी सून आहेत. पोलीस आधी आलं पाहिजे."

चौकीत बसूनच त्यांनी नातेवाइकांच्या ग्रुपवर उत्तर टाकलं. मी नंतर वाचलं. 'व्हिडिओतली ज्येष्ठ महिला मी. चूक माझी होती, चलान योग्य होतं. हसायला मी आधी सुरुवात केली. फणस कापा निघाला.' त्यावर जाऊबाईंनी नुसता हात जोडल्याचं चिन्ह टाकलं. ग्रुपवरून ते उत्तर कुठे कुठे गेलं देव जाणे. दुपारपर्यंत चौकात लोक मला थांबवून विचारायला लागले, "मॅडम, फणस बरा आहे ना आता?"

पुढे आमच्या प्रशिक्षणात ते चित्रीकरण दाखवायला लागले. उद्धट न होता ठाम कसं राहायचं, याचं उदाहरण म्हणून. साहेबांनी आईंची परवानगी मागितली तेव्हा त्यांनी एकच अट घातली की, हेल्मेट फणसाला घातलेला भाग गाळायचा नाही. नव्या भरतीची मुलं मला भेटली की आधी हसतात आणि मग सॅल्यूट करतात.

पण मला सगळ्यात जास्त आठवते ती त्या जबाबाच्या दिवसाची संध्याकाळ. माझी ड्यूटी संपायच्या सुमाराला आई परत आल्या, मंडईतलं काम उरकून, आणि म्हणाल्या, "बस मागे." मी त्यांच्या मागे कधीच बसले नव्हते. वर्दीवर बसले, त्यांनी आणलेलं दुसरं हेल्मेट चढवलं आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी गाडी सगळ्या नियमांनी चालवली. इतकी हळू की सायकलवाले आम्हाला ओलांडून जात होते. पुढच्या सिग्नलला लाल लागला. आई पट्ट्याच्या कितीतरी आधीच थांबल्या. मागच्या गाडीवाल्याने हॉर्नवर बोट ठेवलं ते काढेचना.

आईंनी सावकाश मान वळवली.

"अहो, लाल आहे," त्या म्हणाल्या. "हॉर्नने हिरवा होत असता तर सरकारने माझ्या सुनेला पगार कशाला दिला असता?"

त्या गृहस्थांनी माझ्या वर्दीकडे पाहिलं आणि हॉर्नवरचं बोट असं उचललं की जणू भाजलं. मला हसू फुटलं. माझं हसू खांद्यातून त्यांच्यापर्यंत पोचलं आणि त्याही सुटल्या. दोन हेल्मेटं एकमेकांवर आपटत होती, स्कूटी डुलत होती, आणि सिग्नल कधी हिरवा झाला ते आम्हाला कळलंच नाही. आता मात्र अख्खा रस्ता हॉर्न वाजवत होता, आणि या वेळी त्यांचं बरोबर होतं.